घरात हपिस, हपिसात घर

सुगंधानं नवऱ्याला चड्डीवर हपिसात जायला सांगितलं नव्हतं. हे ती गिरणीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगून थकली. कुणी विश्वास ठेवला नाही. बाया तोंडासमोर हो हो म्हणायच्या, दळणाचा डबा काखेला मारायच्या आणि कोपऱ्यावर जाऊन पोट धरून हसायच्या. साहेबानं विश्वास ठेवला नाही. पुण्याच्या मॅडमनं ठेवला नाही. सख्ख्या आईनं फोनवर विचारलं, "पण सुगे, असं कशाला सांगावं गं माणसानं?"

तर काय झालं ते पहिल्यापासून ऐका.

गाव एक होतं आणि त्यात एक भोळा कारकून होता. भोळे गावात पुष्कळ होते, पण पगारी भोळा हा एकटाच. नाव गुणवंत, आडनाव कोथमिरे. नाव ठेवताना आईबापांनी जरा घाईच केली.

तालुक्याला फवारणीचे पंप विकणाऱ्या कंपनीचं हपिस होतं, तिथं तो कामाला. शेतकऱ्याचा पंप बंद पडला की तो फोन करायचा, आणि गुणवंत त्याला कार्डावरचं वाचून दाखवायचा. आधी झाकण काढा. मग गाळणी काढा. मग गाळणी धुवा. शेतकरी म्हणायचा, अरे बाबा, गाळणी नवीकोरी आहे. हा म्हणायचा, धुवा. शेतकरी शिव्या द्यायचा. हा म्हणायचा, शिव्या झाल्या की धुवा. शेवटी शेतकरी वैतागून गाळणी धुवायचा आणि पंप सुरू व्हायचा. तेवढ्यावर त्याची नोकरी टिकून होती. पण होती कच्ची. पक्की करायची की काढून टाकायचं, ते ह्या दिवाळीच्या आधी ठरायचं होतं.

बायको सुगंधा. घराला लागून तिची पिठाची गिरणी. हात कोपरापर्यंत पांढरे, जीभ मिरचीची. गिरणीची मोटर म्हातारी झाली होती, खोकत खोकत चालायची. बंद पडली की सुगंधा तिला लाथ घालायची. पण नुसत्या लाथेवर मोटर किती दिवस चालणार? नवऱ्याची नोकरी पक्की झाली तर दोन घास निवांत खाता येतील, एवढंच तिला पाहिजे होतं. तेवढ्यासाठी ती त्याला रोज डबा देत होती, रोज शर्ट इस्त्री करून देत होती, आणि रोज दारात उभी राहून बजावत होती, "साहेब सांगतील तेवढंच करा. डोकं चालवू नका."

तो चालवतच नव्हता. तिथंच सगळी गोम होती.

हपिसाची जागा लहान आणि माणसं फार. खुर्चीला खुर्ची घासायला लागली तेव्हा देशमाने साहेबांनी नवा नियम काढला. अर्धा आठवडा हपिसात यायचं, अर्धा आठवडा घरून काम करायचं. कंपनीनं फोन दिला, कॉम्प्युटर दिला. साहेबांनी गुणवंताला जवळ बोलावून समजावलं.

"कोथमिरे, घरी बसलात म्हणून घरी आहात असं समजायचं नाही. हपिसातच आहात असं समजायचं. कळलं?"

"कळलं, साहेब."

गुरुवार उजाडला. गुणवंतानं अंघोळ केली, शर्ट-पँट घातली, बूट घातले, डबा घेतला. दारातून बाहेर पडला, घराला एक वळसा घातला आणि परत दारातून आत आला. बैठकीत बूट घालून बसला. सुगंधानं चुलीवर दूध ठेवलं आणि गिरणीत गेली. दळण टाकून परत येते तर घरभर करपलेला वास. दूध उतू जाऊन, चुलीवरून वाहून, फरशीवरून गुणवंताच्या बुटापर्यंत आलेलं. आणि हा शांतपणे त्याच्याकडं बघतोय.

"अहो, दूध दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग उठायला काय झालं?"

"मी हपिसात आहे. हपिसातून घरचं दूध कसं उतरवणार?"

"कुणी सांगितलं असं?"

"साहेबांनी सांगितलं."

सुगंधानं फरशी पुसली. पुसता पुसता साहेबाच्या सात पिढ्या काढल्या. मग नवऱ्यापुढं उभी राहिली.

"हे घर आहे. घरात घरच्यासारखं राहायचं. आल्या आल्या पायातलं काढायचं, पाय धुवायचे, सैल कपडे घालायचे. दुपारी जेवल्यावर घटकाभर पाठ टेकायची. तब्येत बिघडली तर तुमचा साहेब येणार आहे का काढा द्यायला?"

"नाही येणार," गुणवंत म्हणाला. त्याला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

पुढच्या सोमवारी तो हपिसात गेला. दारात बूट काढले. पाय धुवायला नळ नव्हता, पिण्याच्या पाण्याचा जार होता, त्यानं भागवलं. पिशवीतून लुंगी काढून नेसला. दुपारी डबा खाल्ला. पंखा तेवढा साहेबांच्या टेबलावर होता, म्हणून साहेबांच्या टेबलाखाली चटई टाकली आणि पाठ टेकली. थोड्या वेळानं साहेब दोन मोठ्या दुकानदारांना घेऊन आले. बसले. पाय लांब केले. पायाला काहीतरी मऊ लागलं आणि ते घोरलं.

हपिसात पाणी देणारी भागामावशी होती. तिनं हे सगळं सुगंधाला बाजारात भेटून हातवारे करून सांगितलं. दुकानदारांपैकी एकजण खुर्चीवर चढला होता म्हणे.

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, कुणी सांगितलं हे? तुझा नवरा म्हणाला, बायकोनं सांगितलं. तब्येत चांगली राहते."

"मी घरचं सांगितलं होतं, मावशी."

"असेल बाई," मावशी म्हणाली. पण अशी म्हणाली की नसेलच.

आता तब्येतीचा विषय निघालाच होता, म्हणून साहेबांनी हपिसात एक डॉक्टर बोलावला. डॉक्टरनं सगळ्यांना ओळीत बसवून सांगितलं. एका जागी बसून राहू नका. मधूनमधून खुर्चीवरून उठा. डोळ्यांना विसावा द्या. खिडकीतून लांबच्या हिरव्या झाडाकडं बघा, मनात वीस आकडे मोजा, तोवर नजर हलवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. गुणवंत विसरला नाही.

पुढच्या गुरुवारी घरी तो भिंतीला टेकून खालीच बसला होता. मधूनमधून खुर्चीवरून उठायचं होतं. तेव्हा तो आधी उठायचा, आतल्या खोलीतून खुर्ची आणायचा, तिच्यावर बसायचा, तिच्यावरून उठायचा, खुर्ची आत नेऊन ठेवायचा आणि परत खाली बसायचा. सुगंधानं येता-जाता हे बघितलं. तिला वाटलं, निदान खुर्ची उतू जात नाही.

पण डोळ्यांना विसावा राहिला होता. खिडकीतून लांबचं हिरवं झाड एकच दिसायचं, लोंढ्यांच्या परसातला शेवगा. आणि त्या शेवग्याखाली लोंढ्याची बायको केस धुवायला बसली होती.

दुपारी लोंढे हातात वेळूची काठी घेऊन गिरणीत आला.

"वहिनी, आजवर ह्या माणसाला मी देवमाणूस समजत होतो. सकाळपासून माझ्या बायकोवर डोळा ठेवून बसलाय."

सुगंधानं मोटर बंद केली आणि नवऱ्याला बाहेर ओढून आणलं.

"मी झाडाकडं बघत होतो," गुणवंत म्हणाला. "वहिनी मधे आल्या."

"मग नजर काढायची होतीस," लोंढे म्हणाला.

"वीस आकडे होईपर्यंत काढायची नाही."

"वीस आकडे मोजायला सकाळपासून दुपार लागते?"

"मधेच पंपाचा फोन यायचा. मग पहिल्यापासून मोजायचो."

लोंढ्यानं काठीकडं बघितलं, गुणवंताकडं बघितलं. मारावं की कीव करावी ते त्याला ठरवता येईना. सुगंधानं त्याला पायलीभर दळण फुकट दळून देते म्हणून सांगितलं तेव्हा तो गेला. मग ती नवऱ्याकडं वळली.

"नीट ऐका. परकी बाई समोर आली की पाठ फिरवायची. मान खाली घालायची. ती गेल्याशिवाय वर बघायचं नाही. डॉक्टर सांगू दे नाहीतर डॉक्टरचा बाप सांगू दे."

"पाठ फिरवायची. मान खाली."

"हां."

तिला वाटलं, आता तरी हा विषय मिटला.

आणि नेमक्या पुढच्याच सोमवारी पुण्याच्या मोठ्या हपिसातून पाटणकर मॅडम आल्या. कोण नीट काम करतं, कोण करत नाही, कुणाला पक्कं करायचं, कुणाला काढायचं, हे सगळं त्यांच्या हातात. बाई उंच, आवाज खणखणीत, चालणं असं की फरशीनं बाजूला व्हावं. त्या एकेकाच्या टेबलाशी जाऊन बोलत होत्या. गुणवंताच्या टेबलाशी आल्या. गुणवंत उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"तुमचं नाव काय?" मॅडमनी पाठीला विचारलं.

"कोथमिरे," गुणवंतानं भिंतीला सांगितलं.

मॅडम वळसा घालून त्याच्या समोर आल्या. तो फिरला. मॅडम परत समोर आल्या. तो परत फिरला. मॅडमही हट्टी. चार-पाच वेढे झाले. भागामावशी हातात पाण्याचा ग्लास घेऊन मधे उभी होती, ती म्हणाली, "लग्नात सुद्धा एवढे फेरे नसतात."

"हे काय चाललंय? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

"बायकोनं सांगितलं," गुणवंत जमिनीकडं बघत म्हणाला.

सगळं हपिस हळूच हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"बायकोला नाव नाही का? कुणाबद्दलही बोलताना पूर्ण नाव घ्यायचं. मी कशी सांगते? ऊर्मिला विश्वनाथ पाटणकर. तसं. आणि हपिसात बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. बाई असो, बाप्या असो. पापणी लववायची नाही, आवाज चोरायचा नाही. जे असेल ते नाव घेऊन स्पष्ट सांगायचं. जमेल?"

"जमेल."

जमलं. त्या दिवसापासून गुणवंत हपिसात सगळ्यांच्या डोळ्यात बघायला लागला. मावशी म्हणाली, पाण्याचा ग्लास देताना मला भीती वाटते, घुबड बघावं तसा बघतो.

सुगंधाला ही हकिगत कळली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. हात पिठाचा होता, कपाळावर पाच बोटं उमटली. तशीच ती दिवसभर गिरणीत वावरली. बायांना वाटलं, नवऱ्यावर काहीतरी करणी करतेय.

मॅडम पुण्याला परत गेल्या, पण जाताना सांगून गेल्या की आता दर गुरुवारी घरून काम करणाऱ्यांची कॉम्प्युटरवर तोंडं बघून मीटिंग होईल. पहिल्या मीटिंगला गुणवंत नीट दिसला पाहिजे म्हणून सुगंधानं गिरणी बंद ठेवली. कोंबड्या डालल्या. कुत्रं लांब बांधलं. इस्त्रीचा शर्ट काढून दिला. पँटा मात्र दोन्ही धुवून दोरीवर ओल्या होत्या. गुणवंत पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर कावराबावरा उभा.

"पँट ओली आहे. आता काय करू?"

सुगंधानं कॉम्प्युटरकडं बघितलं. त्यात छातीपर्यंतच दिसत होतं.

"वर शर्ट नीट असला की झालं. खाली काय आहे ते कोण बघतंय? बसा तसेच."

मीटिंग झाली. गुणवंत ताठ बसला, पापणी न लववता बघत राहिला, विचारलं तेवढं बोलला. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास कोथमिरे. असंच राहा." देशमाने साहेबही म्हणाले, "असंच राहा." सुगंधा दाराआडून ऐकत होती. तिला इतका आनंद झाला की तिनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. तिला वाटलं, गाडं मार्गाला लागलं.

सोमवारी ती पहाटे उठून गिरणीत गेली होती. गुणवंत तिला न सांगताच हपिसाला गेला. कसा गेला ते तिला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं, दुधाच्या टेंपोवाल्याकडून कळलं, शाळेच्या मास्तरांकडून कळलं. वर इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं, खिशाला पेन. खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी. पायात बूट आणि मोजे. एसटीत खिडकीशी बसला. कंडक्टर म्हणाला, "गुणवंतराव, काही विसरलात का?" गुणवंतानं डबा चाचपून बघितला. म्हणाला, "नाही, आहे."

हपिसात तो आपल्या टेबलाशी गेला तोवर भागामावशीच्या हातातून ग्लास पडला होता.

"कोथमिरे," साहेब ओरडले, "कुणी सांगितलं हे?"

गुणवंतानं साहेबांच्या डोळ्यात बघितलं. पापणी लववली नाही. आवाज चोरला नाही.

"सुगंधा गुणवंत कोथमिरे यांनी सांगितलं. तुम्ही आणि मॅडम म्हणालात, असंच राहा."

असं पूर्ण नाव त्यानं परत येताना कंडक्टरलाही सांगितलं. टेंपोवाल्याला सांगितलं. पारावर बसलेल्यांना सांगितलं. विचारलं त्या प्रत्येकाला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत पंचक्रोशीत सुगंधा गुणवंत कोथमिरे ही बाई कोण, हे शेंबड्या पोरालाही माहीत झालं.

दुसऱ्या दिवशी सुगंधानं गिरणीला कुलूप घातलं, साडीचा पदर खोचला आणि एसटी धरली. थेट साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. गुणवंत आपल्या टेबलाशी होता, आज पँट घालून. साहेबांच्या मागं भिंतीवर मोठा पडदा, त्यात पुण्याहून मॅडमचं तोंड दिसत होतं. सुगंधानं त्या तोंडालाही नमस्कार केला, उगाच वाद नको म्हणून.

"साहेब, मी ह्यांना चड्डीवर यायला सांगितलं नाही."

"पण पँट नको असं तुम्ही म्हणालात?"

"ते मीटिंगपुरतं. घरातलं."

"म्हणजे म्हणालात."

"म्हणाले, पण हपिसासाठी नाही."

"म्हणजे म्हणालात ना."

सुगंधानं दम खाल्ला. "बरं. मग घरात दूध उतू जात असताना बघत बसा, असं तुम्ही सांगितलंत ना?"

"मी? मी कशाला असं सांगेन?"

"हेच म्हणतात."

"ते म्हणतात म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात?"

"तुम्ही नाही का ठेवलात?"

साहेब टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले, "ते वेगळं. चड्डी सगळ्यांनी बघितली."

पडद्यातून मॅडम खाकरल्या. "देशमाने, मला कळलंय काय बिघडलंय ते. ह्या माणसाचं घर वेगळं आणि हपिस वेगळं. तिथं एक ऐकतो, इथं एक ऐकतो. त्यामुळं कामही बिघडतं आणि तब्येतही. कोथमिरे, इकडं लक्ष द्या. घरात हपिस दिसलं पाहिजे आणि हपिसात घर वाटलं पाहिजे. हे मी सगळ्यांना सांगते. टेबल, खुर्ची, उजेड, पाणी, सगळं. एकदा हे जमलं की माणूस कुठंही बसू दे, काम होतं. जमेल?"

"जमेल," गुणवंत म्हणाला.

सुगंधा घाईनं पडद्यापुढं झाली.

"मॅडम," ती म्हणाली, "असं ह्यांना सांगू नका. हा माणूस शब्दाला शब्द लावून करतो. तुम्ही काय म्हणालात ते तुम्ही विसराल, हे विसरायचे नाहीत."

"ताई, तुम्ही ह्यात पडू नका. तुमच्या पडण्यानंच हे इथवर आलंय. पुढच्या गुरुवारी मी स्वतः येते. आधी हपिस बघते, मग ह्यांचं घर बघते. दोन्ही मनासारखं असलं तर नोकरी पक्की. नसलं तर तुम्ही आणि तुमचा नवरा."

"मी आताच सांगून ठेवते—"

"तुम्ही गिरणी बघा," मॅडम म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

सुगंधानं घरी येऊन नवऱ्याला खाली बसवलं. "मॅडम म्हणाल्या त्याचा अर्थ एवढाच, की एक कोपरा झाडून घ्यायचा, टेबल मांडायचं आणि गप काम करायचं. कळलं?" गुणवंत म्हणाला, कळलं. पण आता त्याला पक्कं ठाऊक झालं होतं की हपिसाचं बायकोनं सांगितलेलं चालत नाही. त्यावरून सगळे ओरडतात. हपिसाचं मॅडमचंच ऐकायचं.

पुढच्या बुधवारी सुगंधाच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. जाऊ की नको करत ती गेली. जाताना कोपरा झाडून टेबल मांडून गेली, शर्ट आणि पँट खुंटीला लावून गेली, पँटेवर हात ठेवून "ही घालायची" असं सांगून गेली. रात्री मुक्काम झाला. गुरुवारी सकाळच्या एसटीनं ती परतली. गल्लीच्या तोंडाशी लोंढ्याची बायको भेटली. ती हसली नाही. ते बघून सुगंधानं भराभर पाय उचलले.

घराच्या दारावर कंपनीची पाटी होती.

आत पाऊल टाकलं तर बैठकीत ओळीनं टेबलं. टेबलांवर कॉम्प्युटर. कोपऱ्यात लोखंडी कपाट. भिंतीवर हपिसाचं घड्याळ, हपिसाचं कॅलेंडर. जिथं तिचा पाण्याचा माठ होता तिथं पाण्याचा जार. जाराशेजारी स्टुलावर भागामावशी बसलेली.

"मावशी, तुम्ही इथं?"

"पहाटे हपिस उघडलं तर हा टेंपो घेऊन दारात. टेंपोत बस म्हणाला, बसले," मावशी म्हणाली. "पाणी पण आणायचं असं मॅडमनी सांगितलंय म्हणे. चहा कुठं मिळेल गं इथं?"

गुणवंत टेबलाशी ताठ बसला होता. शर्ट होता, पँट होती, बूट होते. चेहऱ्यावर समाधान.

"हे काय केलंत?"

"घरात हपिस दिसलं पाहिजे. दिसतंय?"

"दिसतंय," सुगंधा म्हणाली. "माझं घर कुठंय?"

"हपिसात."

"चूल?"

"हपिसात."

"पलंग?"

"हपिसात. खिडकीशी. वारा लागतो."

"देव?"

"साहेबांच्या टेबलावर. पूर्वेकडं तोंड तिथंच येत होतं."

"आणि दोरीवरचे कपडे?"

"दोरीसकट. भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर पुरली."

"माझा परकर पण?"

"तो मधे आहे. हपिसात घर वाटलं पाहिजे. परकर लावेपर्यंत वाटत नव्हतं."

सुगंधा खाली बसली. बसायला पाट नव्हता, तोही हपिसात होता. तिला नोकरी दिसली नाही, मोटर दिसली नाही, निवांत घास दिसला नाही. तिला फक्त साहेबांच्या हपिसात आडव्या दोरीवर लटकणारा स्वतःचा निळा परकर दिसत होता.

एव्हाना दारात माणसं जमली होती. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया डबे खाली ठेवून उभ्या राहिल्या. लोंढे काठी घेऊन आला. सगळे एकमेकांना हळू आवाजात एकच सांगत होते. हिनंच सांगितलं असणार. चड्डीचं पण हिनंच सांगितलं होतं.

तेवढ्यात गाडी आली. गाडीतून आधी मॅडम उतरल्या, मागून देशमाने साहेब. साहेबांच्या शर्टावर दुधाचे ओघळ होते. झालं असं, की मॅडम सकाळी हपिसात पोचल्या तेव्हा बसायला पलंगाशिवाय काही नव्हतं. त्या पलंगावर बसल्या. त्यांच्या डोक्यावर परकर वाळत होता. चहा द्यायला मावशी नव्हती, म्हणून साहेबांनी समोरच्याच चुलीवर दूध ठेवलं आणि मॅडमना समजावायला लागले. समजावता समजावता दूध उतू गेलं, आणि साहेब बघत राहिले.

मॅडमनी घर बघितलं. टेबलं बघितली. जार बघितला. स्टुलावरून मावशीनं हात जोडले. मॅडमचा चेहरा लाल होत गेला.

"माझं अख्खं हपिस उचललं ह्या माणसानं," त्या म्हणाल्या. "असलं डोकं ह्याचं नाही. ह्यामागं कुणीतरी आहे. मला नाव पाहिजे. आत्ता, ह्या सगळ्यांसमोर. ज्याचं नाव निघेल त्याला आजपासून कायमचं घरी बसवते. मग तो कुणी का असेना. मागं घेणार नाही."

"नाव काय विचारायचं त्यात, मॅडम," साहेब शर्ट झटकत म्हणाले. "ह्या काय, समोर बसल्यात."

सगळ्या माना सुगंधाकडं वळल्या. कुणीतरी खुदकन हसलं.

सुगंधा उठली. साडी झटकली. आजवर तिनं ओरडून सांगितलं होतं, शिव्या देऊन सांगितलं होतं, तालुक्याला जाऊन सांगितलं होतं. आता ती अगदी हळू बोलली.

"मी काही सांगत नाही. माझं कुणी खरं मानत नाही. ह्यांना विचारा. पण एक करा. चड्डीच्या वेळी ह्यांच्या तोंडचं नाव तुम्ही सगळ्यांनी खरं मानलंत. आज जे नाव निघेल तेही तसंच खरं माना."

"मानू," मॅडम म्हणाल्या. "देशमाने, तुम्ही साक्षीला आहात."

"आहे, मॅडम."

"कोथमिरे, उभे राहा. इकडं बघा. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

गुणवंत उभा राहिला. समोर परकी बाई होती, तेव्हा पाठ फिरवावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण त्यानं भोवती बघितलं. टेबलं होती, कपाट होतं, जार होता. म्हणजे हे हपिस होतं, आणि हपिसातला नियम त्याला पाठ होता. त्यानं मान वर केली. मॅडमच्या डोळ्यात बघितलं. पापणी लववली नाही. आवाज चोरला नाही. आणि दारातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं, पूर्ण नाव घेतलं.

"ऊर्मिला विश्वनाथ पाटणकर."